एकही जागा आपली नसलेला खेळाडू : बेन झोब्रिस्टच्या करारांचे प्रकरण

प्रकरणाविषयी

अशा नोंदींमध्ये संबंधित व्यक्तीचे नाव गाळण्याची पद्धत आहे. इथे ते ठेवले आहे, कारण बेन झोब्रिस्ट या अमेरिकन बेसबॉल खेळाडूचा प्रत्येक करार, प्रत्येक अदलाबदल आणि प्रत्येक मोसमाचे आकडे जाहीर आहेत आणि नाव गाळले तरी जाणकार वाचक दोन परिच्छेदांत त्याला ओळखतील. त्याचे खाजगी आयुष्य, त्याचा प्रतिनिधी आणि त्याने खाजगीरीत्या घेतलेले प्रशिक्षक मात्र या लेखाच्या बाहेर किंवा निनावी ठेवले आहेत. तपासायचा प्रश्न एकच आहे: अनेक जागा सांभाळण्याचे कौशल्य ज्या खेळाडूकडे असते, त्या कौशल्याचा मोबदला त्याला कधी आणि किती मिळतो, आणि एप्रिल २०१० मध्ये बेन झोब्रिस्टने घेतलेला निर्णय त्या दृष्टीने कसा ठरला.

पार्श्वभूमी

क्रिकेटमध्ये कर्णधार दोन चेंडूंच्या मध्ये गलीतला माणूस उचलून मिडविकेटला उभा करतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागा ठरलेल्या असतात: चेंडू टाकणारा पिचर, फलंदाजामागचा कॅचर, धाव पूर्ण करायला गाठाव्या लागणाऱ्या तीन बेसवरचे तिघे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप, आणि बाहेरच्या मैदानात डावीकडे, मध्ये व उजवीकडे मिळून तिघे. बहुतेक व्यावसायिक खेळाडू त्यांपैकी एका जागेवर वाढतात, त्याच जागेच्या नावाने ओळखले जातात आणि त्यांचा पगारही त्याच जागेवरच्या इतरांशी तुलना करून ठरतो. हातमोजासुद्धा जागेगणिक वेगळा असतो. दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूचा मोजा लहान आणि उथळ असतो, कारण चेंडू आला की क्षणात बाहेर काढून फेकायचा असतो; बाहेरच्या मैदानातल्या खेळाडूचा लांब आणि खोल असतो, कारण धावता धावता उंच चेंडू त्यात अडकवायचा असतो; पहिल्या बेसवरच्याचा मोजा तर बोटे वेगळी न काढलेला, रुंद कडेचा असतो. यांपैकी एकही जागा ज्याची स्वतःची नाही, पण गरज पडेल ती जो सांभाळतो, तो ‘युटिलिटी’ खेळाडू. रूढ अर्थाने हा राखीव माणूस असतो: बॅट बेताची, पगार किमान वेतनाच्या आसपास, आणि तिशी उलटली की करार वर्षा-वर्षाचा.

या चौकटीत न बसणारे खेळाडू झोब्रिस्टच्या आधीही होऊन गेले. १९५० च्या दशकात न्यू यॉर्क यांकीजचा गिल मॅकडूगल्ड दुसरा बेस, तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप या तिन्ही जागांवर नियमित खेळला, आणि १९८० व १९९० च्या दशकांत टोनी फिलिप्सने आतले आणि बाहेरचे मैदान मिळून बहुतेक सगळ्या जागा पालथ्या घातल्या. पण हे खेळाडू चमत्कारिक अपवाद मानले गेले; त्यांच्यामुळे संघ बांधण्याची किंवा पगार ठरवण्याची रीत बदलली नाही.

झोब्रिस्टचा जन्म २६ मे १९८१ रोजी इलिनॉय राज्यातल्या युरेका या छोट्या गावात झाला. शाळा संपली तेव्हा एकाही महाविद्यालयाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. पीओरिया शहरातल्या एका खुल्या निवड-शिबिराचे ५० डॉलर शुल्क भरून तो गेला, तिथे ऑलिव्हेट नॅझरीन विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी त्याला हेरले, आणि शेवटच्या वर्षी तो डॅलस बॅप्टिस्ट विद्यापीठात गेला. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत) ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला सहाव्या फेरीत निवडले तेव्हा तो २३ वर्षांचा होता. महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करून आलेला खेळाडू व्यावसायिक बेसबॉलमध्ये आधीच उशिरा पोहोचलेला असतो. ही दोन-तीन वर्षे तेव्हा किरकोळ वाटतात, पण पुढे पगाराचे गणित मांडताना तीच सर्वांत जड जातात.

जुलै २००६ मध्ये अ‍ॅस्ट्रोजने ऑब्री हफ या अनुभवी फलंदाजासाठी झोब्रिस्टला मिच टॅलबट या पिचरसह टॅम्पा बेला देऊन टाकले. १ ऑगस्ट २००६ रोजी तो मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तरावर, पहिला सामना खेळला, शॉर्टस्टॉप म्हणून. त्या मोसमात ५२ सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .२२४ होती, म्हणजे दर हजार संधींत २२४ यशस्वी फटके; २००७ मध्ये ३१ सामन्यांत ती .१५५ वर घसरली. मेजर लीगमध्ये .१५५ ला फलंदाजी म्हणत नाहीत. त्या हिवाळ्यात टॅम्पा बेने मिनेसोटाशी मोठी अदलाबदल करून जेसन बार्टलेट हा पक्का शॉर्टस्टॉप आणला आणि झोब्रिस्टची मूळ जागा बंद झाली.

इथे पहिला निर्णयबिंदू येतो, जरी त्या वेळी त्याला कोणी निर्णय म्हटले नसते. शॉर्टस्टॉप म्हणूनच तग धरायची तर मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, थांबून दुसऱ्या संघाच्या बोलावण्याची वाट पाहावी लागली असती. झोब्रिस्टने दोन गोष्टी केल्या. एका खाजगी प्रशिक्षकाबरोबर त्याने बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली, आणि संघ सांगेल त्या जागी उभे राहण्याची तयारी ठेवली. २००८ च्या सुरुवातीला अंगठ्याचे हाड मोडल्याने तो उशिरा परतला, पण ६२ सामन्यांत १२ होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारून गेला. तो डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी फलंदाजी करत असे, त्यामुळे समोरचा पिचर डावखुरा आहे की उजवा यावरून त्याला बसवण्याची गरज पडत नव्हती. या एका गुणाची पुढच्या चर्चेत फारशी दखल घेतली गेली नाही, पण माझ्या मते बाकी सगळा डोलारा त्यावरच उभा राहिला.

संघाला हे का हवे होते

टॅम्पा बे हा गरीब संघ. २००८ मध्ये त्याचा एकूण पगारखर्च ४ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास होता, तर त्याच गटातल्या यांकीजचा २० कोटींच्या वर. त्या काळी संघयादीत २५ खेळाडू असत. त्यांतले १२ पिचर धरले तर १३ उरतात. अमेरिकन लीगमध्ये पिचरऐवजी फलंदाजी करणारा वेगळा खेळाडू असल्याने नऊ जण रोज खेळतात, म्हणजे बाकावर फक्त चार. आणि त्यांतला एक राखीव कॅचर, ज्याला दुखापतीच्या भीतीने शक्यतो हात लावत नाहीत. उरलेल्या तीन माणसांत सगळ्या जागांची सोय करायची. रोज खेळणाऱ्यांपैकीच एकाला सात जागा येत असतील, तर बाकावरच्या तिघांना क्षेत्ररक्षणाचा विमा म्हणून नव्हे, बॅटीसाठी किंवा वेगासाठी निवडता येते. श्रीमंत संघ हीच सोय पैसे मोजून करतो. टॅम्पा बेला ती माणसातूनच काढावी लागली. व्यवस्थापक जो मॅडन यांना रोज वेगळी संघरचना मांडण्याची हौस होती असे म्हटले जाते, पण ती हौस परवडण्यासाठी असा माणूस हाताशी असावा लागतो.

मे २००९ मध्ये दुसऱ्या बेसवरचा अकिनोरी इवामुरा गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि झोब्रिस्टला रोजचे काम मिळाले. काही दिवस दुसरा बेस, काही दिवस उजवे मैदान, मध्येच आणखी कुठे. पिचर आणि कॅचर सोडून त्या मोसमात तो सगळ्या जागी उभा राहिला.

यात अंगाला काय पडते हे एका उदाहरणावरून दिसते. दुसऱ्या बेसवरून पहिल्या बेसकडची फेक इतकी जवळची असते की ती बहुधा खांद्यातून न येता कोपर आणि मनगटातून येते, आणि कित्येकदा पाय स्थिर होण्याआधीच सोडावी लागते. उजव्या मैदानातून तिसऱ्या बेसकडची फेक याच्या तिप्पट लांब असते. तिच्यासाठी एक पाऊल पुढे उडी घेऊन सगळ्या शरीराचा जोर फेकीमागे लावावा लागतो. चेंडू पाहण्याचा कोनही बदलतो. आत उभ्या असलेल्याकडे चेंडू जमिनीवरून टप्पे घेत येतो, तर उजव्या मैदानात डाव्या हाताच्या फलंदाजाचा उंच चेंडू हवेतच वळून सीमारेषेकडे सरकतो. आज हे आणि उद्या ते करणाऱ्याला दोन वेगळे सराव करावे लागतात, आणि फलंदाजीचा सराव त्याशिवाय वेगळा.

२००९ च्या अखेरीस झोब्रिस्टची सरासरी .२९७ होती, २७ होमरन होते, फलंदाजीला आल्यावर तो ४०.५ टक्के वेळा बेसवर पोहोचला होता आणि ऑल-स्टार सामन्यासाठी (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी) त्याची निवड झाली होती. बदली खेळाडूच्या तुलनेत एखादा खेळाडू संघाला किती विजय मिळवून देतो हे मोजणाऱ्या सर्वसमावेशक आकड्यांत तो त्या वर्षी दोन्ही लीगमधल्या पहिल्या काही खेळाडूंत होता. त्याचा पगार किमान वेतनाच्या जवळपास, म्हणजे चार लाख डॉलरच्या थोडा वर होता.

अडचण

मेजर लीगमध्ये पगार कामगिरीपेक्षा आधी सेवाकाळावर ठरतो. पहिली साधारण तीन वर्षे संघ देईल तो, बहुधा किमान, पगार घ्यावा लागतो. त्यानंतरची तीन वर्षे दोन्ही बाजूंचे जमले नाही तर लवादाकडे जाता येते. सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावरच खेळाडू मोकळा होतो आणि कोणत्याही संघाशी बोलू शकतो. झोब्रिस्टची पहिली मोकळीक २०१३ च्या मोसमानंतर येणार होती, म्हणजे वयाच्या ३२ व्या वर्षी.

लवादाची पद्धत त्याच्यासारख्या खेळाडूला विशेष गैरसोयीची होती. लवाद त्याच सेवाकाळाच्या, त्याच जागेवरच्या खेळाडूंशी तुलना करतो आणि होमरन, काढलेल्या धावा, सरासरी अशा जुन्या, मोजायला सोप्या आकड्यांना वजन देतो. सात जागा सांभाळल्याने संघाची एक संघयादीतली जागा वाचली, हे त्या कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचे? गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा मानाचा पुरस्कारही तेव्हा जागेनुसार दिला जाई; युटिलिटी खेळाडूंसाठी त्याचा वेगळा विभाग २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा झोब्रिस्ट निवृत्त होऊन बसला होता. सन्मान आणि पगार दोन्ही जागेला चिकटलेले, आणि याला जागा नाही.

दुसरी बाजूही होती. २००९ हे एकच चांगले वर्ष हाताशी होते. त्याआधीच्या तीन मोसमांत मिळून त्याने एका पूर्ण मोसमाइतकेही सामने खेळले नव्हते. २८ वर्षांच्या, उशिरा उमललेल्या खेळाडूचे एक वर्ष म्हणजे त्याची खरी पातळी की योगायोग, हे संघालाही ठाऊक नव्हते आणि त्यालाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे वर्षा-वर्षाने जाणे: २०१० मध्ये किमान वेतन, मग तीन वर्षे लवाद, आणि २०१३ नंतर खुला बाजार. यात कमाल लाभ होता आणि सगळी जोखीम खेळाडूची होती.

दुसरा पर्याय म्हणजे लवादाची तीन वर्षे आधीच विकून टाकणे, पण मोकळिकीला हात न लावणे. चार वर्षांचा खात्रीचा करार, त्यापुढे काही नाही.

तिसरा पर्याय संघाच्या आवडीचा होता. एप्रिल २००८ मध्ये टॅम्पा बेने इव्हान लॉन्गोरियाशी, तो मेजर लीगमध्ये येऊन आठवडाही झाला नसताना, सहा वर्षांसाठी १ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला होता आणि पुढची वर्षे स्वतःच्या मर्जीवर वाढवण्याचा हक्क त्यात राखून ठेवला होता. संघाचे बेसबॉल कामकाज पाहणारे अँड्र्यू फ्रीडमन यांच्या कार्यालयाची ही ठरलेली रीत होती: खेळाडूला लवकर खात्री द्यायची आणि बदल्यात त्याची सर्वांत महागडी वर्षे स्वस्तात बांधून ठेवायची. आजही तो करार संघाच्या बाजूने झालेल्या सर्वांत फायदेशीर करारांत मोजला जातो.

बाजाराचा अंदाज घ्यायला एक उदाहरण ताजे होते. झोब्रिस्टच्या वाटाघाटी संपण्याच्या चार-पाच महिने आधी शोन फिगिन्स या अनेक जागी खेळलेल्या, चपळ खेळाडूला सिअ‍ॅटल मरिनर्सने चार वर्षांसाठी ३ कोटी ६० लाख डॉलर दिले होते. यावरून खुल्या बाजारात बहुगुणी खेळाडूला भाव आहे असे म्हणता आले असते. पण फिगिन्सला तो भाव मिळाला तो वयाच्या ३१ व्या वर्षी, सहा वर्षांची सेवा पूर्ण करून. आणि पुढे काय झाले ते अधिक बोलके आहे. त्याची सरासरी २०१० मध्ये .२५९, २०११ मध्ये .१८८ आणि २०१२ मध्ये .१८१ अशी उतरत गेली आणि करार संपायच्या आत मरिनर्सने त्याला सोडून दिले. अनेक जागा येणे हा गुण बॅट चालते आहे तोवरच विकला जातो. बॅट थांबली की सात जागांवर खेळू शकणारा माणूस सातही जागांवर नको असतो.

घेतलेला निर्णय

एप्रिल २०१० मध्ये झोब्रिस्टने तिसरा पर्याय स्वीकारला. २०१३ पर्यंत चार वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलरची खात्री मिळाली. त्यापुढे २०१४ साठी ७० लाख आणि २०१५ साठी ७५ लाख डॉलर देऊन त्याला ठेवून घेण्याचा हक्क संघाकडे राहिला. हा हक्क एकतर्फी असतो. खेळाडू चांगला खेळला तर संघ तो वापरतो, वाईट खेळला तर थोडी भरपाई देऊन सोडतो. म्हणजे ३२ व्या वर्षी येणारी मोकळीक ३४ व्या वर्षावर गेली.

ज्या माणसाने पन्नास डॉलर भरून स्वतःला दाखवायला नेले होते आणि ज्याची तीनच वर्षांपूर्वीची सरासरी .१५५ होती, त्याच्यासमोर आयुष्यभर पुरेल अशी रक्कम ठेवल्यावर त्याने ती नाकारावी असे म्हणणे सोपे नाही. चार वर्षांची खात्री घेणे योग्यच होते. खरा प्रश्न शेवटच्या दोन वर्षांचा आहे, आणि त्याकडे खाली परत यायचे आहे.

परिणाम

करारानंतरचा पहिलाच मोसम घसरला. २०१० मध्ये त्याची सरासरी .२३८ होती आणि होमरन १०. वर्षा-वर्षाने जाण्याचा पर्याय निवडला असता तर लवादासमोर पहिल्यांदा जाताना हातात हेच आकडे असते. करार इतका वेळेवर झाला की तो शहाणपणाचा वाटतो. प्रत्यक्षात ही घसरण येणार हे दोन्ही बाजूंना माहीत नव्हते.

नंतरची चार वर्षे संघाच्या पदरात पडली. २०११ आणि २०१२ मध्ये त्याने प्रत्येकी २० होमरन मारले. २०१२ च्या शेवटच्या टप्प्यात संघाला शॉर्टस्टॉपची अडचण आली तेव्हा, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो पाच वर्षांपूर्वी सुटलेल्या जागेवर परत उभा राहिला. २०१३ मध्ये पुन्हा ऑल-स्टार. संघाने दोन्ही वर्षांचे हक्क वापरले, आणि शेवटच्या वर्षापूर्वी, जानेवारी २०१५ मध्ये, त्याला ओकलंडला पाठवून बदल्यात तीन खेळाडू घेतले. सहा वर्षांचे मिळून सुमारे ३ कोटी डॉलर झाले. तुलनेसाठी सांगायचे तर त्याचाच सहकारी कार्ल क्रॉफर्ड २०१० च्या मोसमानंतर, २९ व्या वर्षी, मोकळा झाला आणि बोस्टन रेड सॉक्सने त्याला सात वर्षांसाठी १४ कोटी २० लाख डॉलर दिले. क्रॉफर्ड २१ व्या वर्षाच्या आत मेजर लीगमध्ये आला होता आणि झोब्रिस्ट २५ व्या. या दोन रकमांमधल्या अंतराला इतर कारणेही आहेत, पण या चार वर्षांच्या फरकाचा त्यात मोठा वाटा आहे.

२०१५ चा मोसम मात्र वेगळ्या वाटेने गेला. ओकलंडचा संघ तळाला गेला आणि जुलैच्या अखेरीस त्यांनी झोब्रिस्टला कॅन्सस सिटी रॉयल्सकडे दिले. रॉयल्सचा डाव्या मैदानातला अ‍ॅलेक्स गॉर्डन जायबंदी होता, म्हणून झोब्रिस्ट आधी डावीकडे उभा राहिला. गॉर्डन परतला तोवर दुसऱ्या बेसवरच्या ओमार इन्फान्टेची बॅट बंद पडली होती, म्हणून तो तिकडे गेला. एकाच अदलाबदलीत संघाची दोन भोके बुजली. रॉयल्सने न्यू यॉर्क मेट्सला पाच सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली.

आणि या अदलाबदलीचा एक परिणाम मैदानाबाहेर झाला. तेव्हाच्या नियमानुसार मोकळा होणाऱ्या खेळाडूला त्याचा संघ एका वर्षाची ठरावीक रकमेची बोली देऊ शकत असे. २०१५ मध्ये ती रक्कम १ कोटी ५८ लाख डॉलर होती. खेळाडूने ती नाकारून दुसरीकडे करार केला तर नव्या संघाला ड्राफ्टमधली वरची निवड गमवावी लागे. पण ही बोली पूर्ण मोसम त्याच संघात असलेल्या खेळाडूलाच देता येत असे. मोसमाच्या मध्यात विकला गेलेला झोब्रिस्ट या बेडीतून सुटला. त्याच हिवाळ्यात बाजारात असलेले दुसऱ्या बेसवरचे दोन खेळाडू सुटले नाहीत: वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेऱ्यांत धुमाकूळ घातलेल्या डॅनियल मर्फीला वॉशिंग्टनकडून तीन वर्षांचे ३ कोटी ७५ लाख मिळाले, आणि हाउवी केन्ड्रिक फेब्रुवारीपर्यंत थांबून जुन्याच संघात, लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये, दोन वर्षांच्या २ कोटींवर परतला. हे दोघेही झोब्रिस्टपेक्षा लहान होते. झोब्रिस्टला ३४ व्या वर्षी शिकागो कब्जने डिसेंबर २०१५ मध्ये चार वर्षांसाठी ५ कोटी ६० लाख डॉलर दिले.

त्या दिवशी कब्जने आपला दुसऱ्या बेसवरचा स्टार्लिन कॅस्ट्रो यांकीजला देऊन जागा मोकळी केली. एकाही जागेचा नसलेल्या माणसासाठी संघाने जागा रिकामी केली. कब्जचा व्यवस्थापक तोवर मॅडनच झाला होता. २०१६ मध्ये झोब्रिस्ट ऑल-स्टार सामन्यात दुसऱ्या बेसवर सुरुवातीपासून खेळला. पण मोसमाच्या शेवटी हाविएर बाएझचे क्षेत्ररक्षण इतके चांगले होते की वर्ल्ड सिरीजमध्ये बाएझ दुसऱ्या बेसवर आणि झोब्रिस्ट पुन्हा डाव्या मैदानात. क्लीव्हलंडविरुद्धच्या सातव्या सामन्यात, पावसाने घटकाभर खेळ थांबवल्यानंतरच्या दहाव्या डावात, दुसऱ्या बेसवर अल्बर्ट अल्मोरा असताना क्लीव्हलंडने अँथनी रिझोला मुद्दाम चालत पहिल्या बेसवर जाऊ दिले आणि झोब्रिस्टशी सामना पत्करला. ब्रायन शॉचा बाहेरच्या कडेवरचा चेंडू त्याने डाव्या हाताने खेळताना उलट दिशेला, तिसऱ्या बेसच्या रेषेलगत सारला. अल्मोरा धाव पूर्ण करून घरी आला. कब्जने सामना ८–७ असा जिंकला, १०८ वर्षांनंतर विजेतेपद मिळवले, आणि झोब्रिस्ट त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पुढच्या तीन वर्षांचा हिशेब संमिश्र आहे. २०१७ मध्ये मनगटाच्या दुखण्यात सरासरी .२३२ वर आली, २०१८ मध्ये ३७ व्या वर्षी त्याने .३०५ केली, आणि २०१९ चा बराचसा मोसम तो खेळला नाही. २०२० मध्ये तो कोणत्याही संघात नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिला मुद्दा संघयादीच्या गणिताचा आहे. त्याचा उपयोग २०१० च्या वाटाघाटीत करता आला असता. झोब्रिस्टमुळे टॅम्पा बेला एक राखीव क्षेत्ररक्षक कमी ठेवावा लागत होता, आणि हा वाचलेला माणूस व त्याच्या जागी घेतलेला चांगला फलंदाज यांची किंमत काढणे अवघड नव्हते. लवादासमोर हा युक्तिवाद टिकला नसता. टेबलावर, जिथे समोरचा पक्ष स्वतःच हे गणित सगळ्यांत चांगले जाणतो, तिथे टिकला असता. टॅम्पा बेचे कार्यालय आकडेमोडीसाठी ओळखले जात होते, आणि त्याच आकडेमोडीने झोब्रिस्टची किंमत बाजाराच्या आधी ओळखली होती. संघाला जे माहीत होते ते खेळाडूच्या बाजूनेही तितक्याच बारकाईने मांडले जायला हवे होते.

दुसरा मुद्दा शेवटच्या दोन वर्षांचा. माझ्या मते दोनऐवजी एकाच वर्षाचा हक्क देऊन तीच खात्री मिळवण्याचा आग्रह धरण्यासारखा होता, जरी त्यासाठी खात्रीची रक्कम थोडी कमी घ्यावी लागली असती. पंधरा-वीस लाख डॉलर कमी झाल्याने त्याच्या कुटुंबाच्या सुरक्षिततेत फरक पडला नसता. बाजारात जाण्याचे वय ३४ वरून ३३ वर आले असते. याहून मवाळ मार्ग म्हणजे शेवटच्या वर्षाची किंमत खेळलेल्या सामन्यांशी किंवा ऑल-स्टार निवडीशी जोडणे. २०१५ साठी त्याची किंमत ७५ लाखच राहिली, आणि तोवर संघ त्याच्याकडून पहिल्या फळीच्या खेळाडूचे काम करून घेत होता.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घ्यायला हवा: तो ३३ व्या वर्षी, टॅम्पा बेमधूनच थेट मोकळा झाला असता, तर संघाने त्याला ती ठरावीक रकमेची बोली देण्याची शक्यता होती, आणि मग तो केन्ड्रिकच्या रांगेत उभा राहिला असता. २०१५ मध्ये दोनदा विकला गेल्यानेच तो बेडीतून सुटला आणि विजेतेपदाची अंगठीही घेऊन बाजारात गेला. हे खरे आहे, पण २०१० मध्ये सही करताना ही बोलीची पद्धत अस्तित्वातच नव्हती. ती २०१२ च्या मोसमानंतर लागू झाली. नंतर लागलेल्या नशिबाचे श्रेय आधीच्या निर्णयाला देता येत नाही, जसे २०१० ची घसरण आधीच ओळखल्याचे श्रेयही त्या निर्णयाला देता येत नाही.

संघाच्या बाजूनेही एक प्रश्न उरतो. जानेवारी २०१५ मध्ये त्याला पाठवून टॅम्पा बेने तरुण खेळाडू घेतले, हे त्यांच्या खर्चाच्या मर्यादेत समजण्यासारखे होते. पण फ्रीडमन आणि मॅडन दोघेही २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये संघ सोडून गेल्यावर, या माणसाचा उपयोग कसा करायचा हे ज्यांना रोजच्या सवयीने ठाऊक होते, ते इमारतीतच नव्हते. त्याच खेळाडूला एका वर्षाने मॅडनच्या दुसऱ्या संघाने चौपट वर्षांसाठी आणि दरवर्षी जवळजवळ दुप्पट पैशांत घेतले.

हे प्रकरण आजच्या युटिलिटी खेळाडूला थेट लागू करताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. आता संघयादी २६ जणांची आहे आणि त्यांत १३ हून अधिक पिचर ठेवता येत नाहीत, म्हणून बाकावर किमान चार जागा नक्की उरतात. मार्विन गोन्झालेझने २०१७ मध्ये ह्यूस्टनसाठी .३०३ सरासरीने आणि २३ होमरनसह झोब्रिस्टसारखेच वर्ष काढले होते. २०१८ नंतर मोकळा झाल्यावर तो फेब्रुवारी २०१९ पर्यंत बाजारात थांबला आणि मिनेसोटाकडून दोन वर्षांचे २ कोटी १० लाख डॉलर घेऊन गेला. त्याचे चांगले वर्ष मोकळिकीच्या एक मोसम आधी आले होते, आणि मोकळिकीच्या वर्षात त्याची सरासरी .२४७ होती.